मदत हवी आहे: ताईला वयामुळे काढतायत, वर सहीची घाई

नमस्कार मंडळी. माझी ताई अमेरिकेत नोकरी करते, वय 57. कामावरून काढताना कंपनीनं कागद पुढे केलाय: भरपाई घ्या, दावा करण्याचा हक्क सोडा, परवापर्यंत सही करा. तिचे साहेब बैठकीत सगळ्यांदेखत "आता तरुण रक्त हवं" म्हणायचे. तिचं काम ज्याला दिलं, तो तिशीचाही नाही.

तिथे 1967 च्या कायद्यानं चाळिशीपासून पुढच्या कर्मचाऱ्यांना संरक्षण आहे. असा हक्क सोडायचा तर विचाराला किमान 21 दिवस आणि सहीनंतर माघार घ्यायला 7 दिवस द्यावे लागतात. मग परवाची मुदत कुठून आली?

तक्रारीला 180 दिवस असतात, बऱ्याच राज्यांत 300. हे दिवस कामावरून काढल्याचं कळवलं तेव्हापासून धरतात की कामाच्या शेवटच्या दिवसापासून? साहेबांचं बोलणं लेखी कुठेच नाही. हजर असलेल्या सहकाऱ्यांची साक्ष पुरते का? ताई म्हणते, "जाऊ दे, या वयात कुठे कोर्टकचेरी." मला ते अजिबात पटत नाही. यातून गेलेल्या कुणी, किंवा तिथल्या कामगार कायद्याच्या जाणकारांनी, कृपया लवकर लिहा.