खरवडलेल्या दगडावर शाई का धरते?

प्रश्न: पॅरिसला मूर्लोच्या शिळाछाप छापखान्यात (दगडावर चित्र काढून त्याच्या प्रती छापायच्या) पिकासोने १९४५-४६मध्ये ‘बैल’ हे चित्र एकाच दगडावर ११ टप्प्यांत बदललं. खरवडलेली जागा स्वच्छ कशी राहायची?

उत्तर: खरवडलं की शाईला दूर ठेवणारा डिंकाचा थर जातो, उघडा दगड शाई ओढतो. आधी चित्रावर शाई चढवा, वर राळ आणि शंखजिऱ्याची पूड. मग खरवडून त्याच जागी ३० मिली बाभळीच्या डिंकात ८-१० थेंब नायट्रिक अ‍ॅसिड घालून लावा. मऊ, पिवळ्या दगडाला थेंब कमी.

उत्तर: नव्या रेघेसाठी मात्र उलट! सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने डिंक उतरवा, धुवा, पूर्ण वाळवा, मगच तेलकट खडूने रेघ काढा. ओल राहिली तर रेघ तुटते.

उत्तर: प्रत्येक टप्प्याची प्रत आधी काढून ठेवा. खरवडलेलं परत येत नाही. मुद्रकाचं खरं कसब मला इथेच दिसतं.