स्टीमचा गेट व्हॉल्व्ह गार झाला की उघडत नाही. तसाच नवा घ्यावा का?

महापे_मेंटेनन्स:
नमस्कार मंडळी. महाप्याला एमआयडीसीत केमिकल कंपनीत मेंटेनन्सला आहे. बॉयलर हेडरवर (वाफ गोळा करून वाटणाऱ्या मुख्य पाइपवर) सहा इंची गेट व्हॉल्व्ह आहे. शनिवारी गरम असतानाच बंद करतो, सोमवारी हँडव्हील जागचं हलत नाही. दोन हेल्पर पाइप घालून ओढतात तेव्हा सुटतो. ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग दाबणारा भाग) ढिली करून पाहिली, स्पिंडलला, म्हणजे हँडव्हीलच्या दांड्याला, ग्रीस आहे. स्टोअरवाले म्हणतात तसाच नवा मागवा. मला वाटतं तोही अडकेल.

रबाळे_लॅपिंगवाला:
साहेब, तो पाइप आधी बंद करा. स्पिंडल वाकेल, नाहीतर तो ज्यात फिरतो त्या योक नटाचे आटे जातील.

माझी सगळी नोकरी रबाळ्याला व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे गेट टेकतं ती कडी, लॅप करण्यात (घासून सपाट करण्यात) गेली. लक्षणांवरून तुमचा वेज, म्हणजे आतलं पाचरीच्या आकाराचं गेट, सॉलिड (एकसंध) वाटतो. गरम बॉडीत तो आवळून बसवता, बॉडी गार होऊन आकसते आणि दोन्ही सीट त्याला चिमटीत धरतात. जेम्स नॅस्मिथने 1839 मध्ये दोन्ही बाजूंनी बसणारा पाचरीचा व्हॉल्व्ह काढला तो पाण्याच्या नळांसाठी. तिथे हे तापणं-निवणं कुठलं!

यावर काढलेला फ्लेक्सिबल वेज मला आजही फार आवडतो. पाचरीला कडेने चौफेर खोल खाच घेतात, दोन तबकड्या फक्त मधल्या गाभ्याने जोडलेल्या राहतात. सीट आवळल्या की त्या किंचित दबतात. टेक तपासायचा निळा रंग लावून पाहिलं की सीटवर अखंड कडं उमटतं. सॉलिडला तेवढ्यासाठी किती घासावं लागतं ते आमचे हातच जाणतात. तरी फ्लेक्सिबलही कधी अडकतो.

म्हणून तुम्ही पॅरलल स्लाइड घ्या. त्यात उतारच नाही. दोन समांतर तबकड्या, मध्ये स्प्रिंग, आणि वाफेचा दाबच, वाफ जाते त्या बाजूची तबकडी सीटवर बसवतो. दाब फार कमी असेल तर मात्र थोडा गळतो.

तोवर हेडर निवताना व्हॉल्व्ह जरा सैल करून परत बसवत जा. पुढे लाइन उघडून कोणी काम करत असेल तर अजिबात हात लावायचा नाही.

उरण_पाइपलाइन:
काकांना दुजोरा. याची उलट तऱ्हाही असते: बॉनेटमध्ये (बॉडीवरच्या झाकणाच्या पोकळीत) पाणी कोंडलं आणि लाइन तापली की आतला दाब वाढून गेट जाम होतो. अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामकांनी 1995 मध्ये या दोन्ही दोषांबद्दल आपल्या अणुवीज केंद्रांना पत्र काढलं होतं. एक उपाय म्हणजे दाबाकडच्या तबकडीला बारीक भोक. मग व्हॉल्व्ह एकाच दिशेने धरतो, त्यामुळे बॉडीवरचा बाण पाहूनच बसवायचा.

आमच्या क्रूडच्या लाइनला स्लॅब गेट आहेत. सपाट प्लेटला पाइपच्या मापाचं भोक, उघडल्यावर पिग (पाइप आतून साफ करत जाणारा बोळा) सरळ पार होतो.

महापे_मेंटेनन्स:
काका, हेडर 10 किलो दाबावर चालतो. पॅरलल स्लाइड बसेल ना घट्ट?

रबाळे_लॅपिंगवाला:
10 किलोला छान बसेल. ऑर्डरमध्ये आयबीआरचा (भारतीय बॉयलर नियमांचा) फॉर्म तीन-सी हा व्हॉल्व्हचा दाखला लिहून घ्या, त्याशिवाय माल गेटमधून आत घेऊ नका.