मदत हवी आहे: ट्रामच्या मोटरचं चालतं मॉडेल, स्प्रिंगपाशी अडलंय

नमस्कार मंडळी,

भाचीच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रदर्शन आहे. तिच्या गटाने विजेच्या ट्रामवर काम केलेला अमेरिकन इंजिनिअर फ्रँक स्प्रेग हा विषय घेतलाय आणि मॉडेल मामाच्या गळ्यात पडलंय.

विजेची ट्राम स्प्रेगने शोधली असं नाही. सीमेन्सची बर्लिनजवळ लिक्टरफेल्डला १८८१ मध्येच धावली होती. पण चढ-उतारांच्या मोठ्या शहरात ती रोज, भरवशाने चालवून दाखवली ती स्प्रेगने, १८८८ साली रिचमंडला, व्हर्जिनियात. तिथे काही रस्त्यांना १० टक्के चढ! रात्री चाचणी घेताना गाडी चढली खरी, पण मोटरने मान टाकली. बघ्यांची ही गर्दी. पठ्ठ्याने सहकाऱ्याला ‘उपकरणं’ आणायला पिटाळलं. ती आली, चार खेचरं! हा किस्सा पोस्टरवर जाणारच.

आता मुद्द्याचं. मोटर डब्याला घट्ट बांधली तर डबा स्प्रिंगवर हलला की मोटर आणि चाकाचा आस यांच्यातलं अंतर बदलतं, गिअरचे दाते घसरतात. सगळं वजन आसावर टाकलं तर रूळ आणि मोटर दोघंही मार खातात. म्हणून स्प्रेगने मोटरची एक बाजू बेअरिंगने आसावरच बसवली आणि दुसरी बाजू, म्हणजे ‘नाक’, स्प्रिंगवर गाडीच्या सांगाड्याला टेकवली. मोटर आसाभोवती झुलते, दाते मात्र सुटत नाहीत. माझ्या मते ट्रॉलीच्या दांड्यापेक्षा (म्हणजे छतावरचा, वरच्या तारेतून वीज घेणारा दांडा) खरी करामत हीच.

आमच्याकडे १२ व्होल्टची मोटर, ८ मिमीचा रॉड आणि एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) सांगाडा आहे. स्विच दाबला की मोटर स्वतःच आसाभोवती उसळते. मऊ स्प्रिंग लावली तर नाक सांगाड्यावर आपटतं, कडक लावली तर झुलणं दिसतच नाही. नाकाच्या वर-खाली दोन स्प्रिंगा लावाव्यात का? की मोटरला वजन बांधावं? तयार स्प्रिंगा पुण्यात सुट्ट्या कुठे मिळतील?

रेल्वेच्या कारशेडमध्ये काम केलेलं कुणी असेल तर आणखी एक विनंती. अशा ‘नोज-सस्पेंडेड’ मोटरी तुम्ही हाताळल्या असतील. चाकं काढताना नाकाचा आधार कसा सोडवतात, त्याचं हाताने काढलेलं साधं रेखाटन चालेल.

प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे, तेव्हा जरा लवकर सांगा.