मॉस रोज म्हणजे सुवासिक गुलाब की चिनी गुलाब?

प्रश्न – गच्चीबाग (सातारा)

नमस्कार. शाहूपुरीतील आमच्या गच्चीवर दिवसभर ऊन येते, म्हणून तिथे लावण्यासाठी 'मॉस रोज' या नावाने विकले जाणारे बियाणे मी ऑनलाइन मागवले. बागकामाच्या जुन्या पुस्तकात या नावाखाली कळीवर शेवाळासारखी लव असणाऱ्या, अत्यंत सुवासिक गुलाबाचे वर्णन वाचले होते. प्रत्यक्षात मात्र बारीक, मांसल पानांची, मातीलगत पसरणारी रोपे उगवली आहेत. आई त्यांना 'ऑफिस टाइम' म्हणते आणि शेजारच्या काकू 'चिनी गुलाब'. या दोन वनस्पतींचा काही संबंध आहे का? रोपवाटिकेत अशाच फुलांचा पण रुंद पानांचा प्रकारही पाहिला, तो कोणता? शिवाय ही पाने घोळीसारखी दिसतात, तर त्यांची भाजी करता येईल का?

उत्तर १ – कृष्णाकाठ (सांगली)

दोन्हींना एकच नाव मिळाले असले तरी त्यांची कुळेसुद्धा वेगळी आहेत. आपण वाचलेला मॉस रोज हा खरा गुलाब असून तो शंभर पाकळ्यांच्या सेंटिफोलिया गुलाबावर आपोआप झालेल्या उत्परिवर्तनातून युरोपात निर्माण झाला. त्याच्या निदलांवर आणि देठावर ग्रंथियुक्त केसांची इतकी दाटी होते की कळी शेवाळाने मढल्यासारखी दिसते, आणि ती लव बोटांनी चोळली की चिकट राळेचा वास येतो, जो पाकळ्यांच्या सुगंधाहून अगदी निराळा असतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातील बागांमध्ये त्याला फार मान होता. या गटातील बहुतेक जाती वर्षातून एकदाच बहरतात आणि त्यांना कडक हिवाळा मानवतो. त्यामुळे साताऱ्याच्या गच्चीवर त्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. महाबळेश्वरची थंडी कदाचित चालेल, परंतु तिथल्या पावसात बुरशीपासून त्यांना कोण वाचवणार, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे उगवलेली वनस्पती पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा आहे. ती मूळची अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझील या भागांतील असून विल्यम हूकर यांनी १८२९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिच्या फुलांचे लाल-पिवळे रंग बीटातील रंगद्रव्यांच्या गटातले असतात, तर गुलाबाचा लाल रंग अँथोसायनिन या निराळ्या रंगद्रव्यामुळे येतो. म्हणजे दुहेरी पाकळ्यांचे फूल कितीही गुलाबासारखे दिसले तरी साम्य वरवरचेच आहे. तिला सुवास नसतो. फुले सकाळी ऊन चढले की उमलतात आणि दुपारनंतर मिटतात, म्हणून आपल्या आई म्हणतात ते नाव रूढ झाले. ढगाळ दिवशी ती नीट उमलत नाहीत, तेव्हा आषाढात कळ्या मिटलेल्या दिसल्यास रोप आजारी आहे असे समजू नये. खरा धोका मुळांशी साचणाऱ्या पाण्याचा असतो. पसरट कुंडी, तळाला मोकळी छिद्रे आणि मातीत भरपूर वाळू एवढी व्यवस्था करावी, शेणखत बेतानेच घालावे. खत जास्त झाले की पाला वाढतो आणि फुले कमी होतात.

उत्तर २ – परसातली भाजी (मिरज)

रुंद पानांचा प्रकार बहुधा पोर्टुलाका अंब्राटिकोला असावा. त्याची पाने चपटी असतात आणि बोंडाभोवती पातळ पापुद्र्याचे कडे असते, तर आपल्या रोपांची पाने गोलसर, टोकदार असून पेरांशी लांब पांढरे केस दिसतात. भाजीची घोळ ही तिसरी जात, पोर्टुलाका ओलेरासिया; तिची फुले लहान व पिवळी असतात. चिवळ याच कुळातली, आणखी बारीक पानांची. भाजीसाठी घोळ किंवा चिवळच घ्यावी, कारण शोभेच्या रोपांवर बियाणे कंपनीने किंवा रोपवाटिकेने कोणती औषधे मारली आहेत हे आपल्याला कळत नाही. घोळीतही ऑक्झलेट भरपूर असते, म्हणून मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती वैद्यकीय सल्ल्यानेच खावी.

गच्चीबाग (सातारा)

दोघांचेही आभार. दुहेरी गुलाबी फुलाचे बी धरून ठेवले तर पुढच्या वर्षी तसेच फूल मिळेल का?

उत्तर ३ – कृष्णाकाठ (सांगली)

खात्री देता येत नाही. बियांतून एकेरी किंवा वेगळ्या रंगाची फुले येऊ शकतात. आवडलेला रंग टिकवायचा असल्यास बोटभर लांबीचे फाटे तोडून ओलसर वाळूमिश्रित मातीत खोचावेत, ते सहज मुळे धरतात. हे काम पावसाळ्यापूर्वी उरकून एक-दोन कुंड्या पत्र्याखाली, पण उजेडात ठेवाव्यात. तरीही बी हवेच असेल तर बोंडावर लक्ष ठेवावे लागेल, कारण पिकल्यावर त्याचे वरचे झाकण आपोआप गळते आणि आतले धुळीसारखे करडे बी वाऱ्याने विखुरते. पेरताना त्यावर माती लोटू नये. ते उजेडातच चांगले रुजते.