तुमच्या घरचं बाळंतपण कुठं झालं? नागपूरच्या दवाखान्यांचे अनुभव

धागाकर्ती: नागपुरात 'दवाखान्यात न्या' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मेडिकल, मेयो, डागा (हे तिन्ही सरकारी दवाखाने) की मातृसेवा? यातला मातृसेवा संघ ना सरकारनं काढला, ना कुठल्या शेठनं. लहान वयात विधवा झालेल्या कमलाताई होस्पेट नर्सिंग शिकल्या आणि १९२१ साली वेणूताई नेनेंना सोबत घेऊन सीताबर्डीवर त्यांनी छोटं सूतिकागृह उघडलं. असे दवाखाने उभे राहताना, वाढताना तुम्ही किंवा घरच्यांनी काय पाहिलं ते लिहा. ऐकीव असेल तर तसं सांगून लिहा.

महालकर: आजीकडून ऐकलेलं. तिचं पहिलं बाळंतपण घरीच झालं. अंधारी खोली, धगधगती शेगडी आणि नाळ कापायला घरातलाच विळा. मूल आठवड्याच्या आत धनुर्वातानं गेलं. दुसऱ्या खेपेला आजोबांनी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या त्या सूतिकागृहात, न्यायचं ठरवलं, तर पणजीनं आकांत मांडला. तिचा प्रश्न एकच, "तिथे कोण कुठल्या जातीची बाई हात लावेल?" सुईणपण हलकं काम मानायचे तेव्हा. चांगल्या घरच्या बायांनी ते उघड पत्करलं याचं मोल आजीला कळलं होतं. आजोबांना मात्र खर्च किती आला एवढंच आठवायचं!

निवृत्त सिस्टर: मी अशाच एका संस्थेत शिकले. तालुक्याच्या गावांहून मुली यायच्या. कोणी विधवा, कोणी नवऱ्यानं टाकलेली. वसतिगृहात राहायचं, रात्रपाळी करत शिकायचं आणि परत आपल्या भागात जायचं. विदर्भात शाखा उघडणं शक्य झालं ते यामुळे. इमारतीला पैसे मिळतात हो, बाई मिळत नाही. देणग्याही कसल्या यायच्या: तांदळाचं पोतं, जुनी सुती लुगडी. त्या लुगड्यांची लंगोटं आम्हीच फाडायचो. मातृसेवा संघाचं तर पुढे समाजकार्याचं कॉलेजही झालं, मतिमंद मुलांसाठी शाळा झाली. बाळंतपणाला आलेल्या बाईचं घर कसं आहे ते सिस्टरला दिसतंच, कामं त्यातून वाढतात.

तुमसरवाला: मले त मेडिकलच माहीत. १९४७ चं कॉलेज हाय ते. बुवाले ट्रॅक्टरखाली पाय आला तं भंडाऱ्यावरून थेट तेथीच पाठवलं. बाजूच्या खाटेवर बालाघाटचा, पलीकडे छत्तीसगडचा. आमी नातेवाईक बाहेर पटांगणात झोपून रायलो. डॉक्टर पोट्टे रातभर पळून रायले होते, जेवाचीबी सुद नाही त्याईले. संध्याकाळी कोणीतरी गाडीवर मसालेभात वाटाले येई. नाव नाही विचारलं, आता वाटते विचाराले पायजे होतं.

धंतोलीतली: कौतुक बरोबर आहे, पण दुसरी बाजूही येऊ द्या. आमच्या गल्लीत बंगले पाडून दवाखाने झाले. ॲम्ब्युलन्स आली की घरची गाडी निघत नाही. आणि 'सेवा' नावातच उरलेली ट्रस्टची हॉस्पिटलंही पाहिली. एका ठिकाणी आईला भरती करताना आधी डिपॉझिट मागितलं, गरिबांच्या खाटांचं विचारलं तर काउंटरवरचा मुलगा तोंडाकडे बघत राहिला.

निवृत्त सिस्टर: काउंटरवर विचारूच नका. समाजसेवा विभागातल्या माणसाला भेटा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात, उच्च न्यायालयाच्या आदेशानं झालेली योजना आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळं रेशन कार्ड सोबत ठेवा. नाहीच ऐकलं तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

धंतोलीतली: आईच्या वेळी हे कोणी सांगितलं नाही. शेजारच्या मावशींचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात, दाखल्याचं आजच सांगते त्यांना.