'रिकन्सिलिएशन'ला मराठीत काय म्हणाल? समेट, सलोखा की आणखी काही?

ओंजळ
आम्ही एडमंटनला असतो. ३० सप्टेंबरला इथली मराठी मंडळी जमणार आहेत, त्यासाठी अर्ध्या पानाचं टिपण मराठीत करायला घेतलंय. कॅनडात २०२१ पासून हा दिवस 'ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन'साठी पाळतात. मी 'सत्य आणि समेट दिन' लिहिलं. ते वाचून आमच्यातल्या एका काकांचा फोन आला, "अगं, समेट भांडणाऱ्यांत होतो. इथे भांडण कुठे होतं?"

तेव्हापासून हात थांबलाय. सरकार आणि चर्च मिळून शंभरावर वर्षं मूळ रहिवाशांची मुलं घरातून उचलून शाळांत नेऊन ठेवत होते. १९२० मध्ये तर कायद्यानेच सक्ती केली. दीड लाखांहून जास्त मुलं. केस कापायचे, कित्येक शाळांत नावाऐवजी नंबर, आईच्या भाषेत बोललं की मार. हजारो मुलं घरी परत आलीच नाहीत. माझी मुलगी त्या दिवशी नारिंगी शर्ट घालते, तो फिलिस वेबस्टॅड यांच्या आठवणीवरून. १९७३ साली, सहा वर्षांच्या असताना, आजीने घेऊन दिलेला नवाकोरा नारिंगी शर्ट शाळेने पहिल्याच दिवशी काढून घेतला. पुन्हा दिलाच नाही. त्या पोरीने समेट कोणाशी करायचा?

शब्द सुचवा. टिपण गुरुवारी छापायला द्यायचंय.

शब्दवेडा
काकांशी सहमत. शिवाय समेट म्हटलं की मला हिंदीतलं 'समेटना' आठवतं, पसरलेलं आवरून घेणं. व्युत्पत्ती तीच असेल असा दावा नाही, पण कानाला तसं लागतं. हे प्रकरण गुंडाळायचं नाहीये. 'सत्य आणि सलोखा' करा.

टाकसाळ
सलोखा अरबी-फारसीतून आलाय. 'पुनर्मीलन' हा शुद्ध शब्द हाताशी असताना उसना कशाला?

करवंद
पुनर्मीलन म्हणजे ताटातूट झालेले पुन्हा भेटणं. आधी कधी मीलन होतं? या शाळांची चौकशी करणाऱ्या कॅनडाच्या 'ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन' आयोगाच्या अहवालातही हा मुद्दा आहे. बिघडलेला सलोखा पुन्हा जुळवायचा असं काही जण म्हणतात, पण तो कधी नव्हताच, असं कित्येक मूळ रहिवाशांचं म्हणणं आहे. म्हणजे 'पुनर्' लावलेला कुठलाही शब्द बाद.

शब्दवेडा
टाकसाळ, मूळ बघायचंच असेल तर सलोख्याचं जरूर बघा. 'सुलूक' म्हणजे वागणूक, वर्तन. मरी सिंक्लेअर अध्यक्ष असलेल्या याच आयोगाने २०१५ मध्ये रिकन्सिलिएशनसाठी काय मागितलं? झालेल्याची जाण, केलेल्या हानीची कबुली, प्रायश्चित्त आणि वागणूक बदलणं. शेवटची गोष्ट सलोख्याच्या पोटातच आहे. 'पुनर्मीलना'त ती कुठे सापडते?

टाकसाळ
सुलूकवरून सलोखा ही व्युत्पत्ती मला ओढूनताणून वाटते. 'ख' कुठून आला? आणि मूळ अर्थ आज कोणाला ठाऊक आहे? वाचणाऱ्याला सलोखा म्हणजे दंगल झाल्यावरची शांतता समितीची बैठक आठवणार.

माजघर
दिलजमाई का नको? जुन्या कागदांत 'त्यांची दिलजमाई करावी' असं येतं, तिथे अर्थ खात्री पटवणं, समोरच्याचं मन निश्चिंत करणं असा आहे. ती जबाबदारी एकाच बाजूची, ज्याच्या हाती सत्ता आहे त्याची. आमच्या घरी दोन काका अकरा वर्षं बोलत नव्हते. आजी म्हणायची, "आधी धाकट्याची दिलजमाई करा, मग जेवायला बोलवा."

ओंजळ
माजघर, हा अर्थ मला माहीतच नव्हता. पण आता दिलजमाई म्हटलं की निवडणुकीआधी रुसलेल्या पुढाऱ्यांचं चित्र उभं राहतं. तिथे अडतंय. नाहीतर लगेच घेतला असता.

करवंद
क्रियापद कोण करणार, यावर सगळं आहे. 'प्रायश्चित्त' चुकलेला स्वतः घेतो. समेट, सलोखा यांत ज्याने सोसलं त्यालाही एक पाऊल पुढे या म्हणावं लागतं. वर्णभेदाची राजवट संपल्यावर नेमलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या अशाच आयोगात गुन्ह्याची पूर्ण कबुली देणाऱ्याला माफी मिळू शकत होती. कॅनडाच्या आयोगाला तर कोणावर समन्स काढायचाही अधिकार नव्हता. साडेसहा हजारांवर लोकांनी येऊन सांगितलं, आणि आयोगाने ऐकलं. मी 'सत्य आणि प्रायश्चित्त' म्हणेन.

टाकसाळ
ते भाषांतर नाही, तुमचं मत झालं. आयोगाने रिकन्सिलिएशन हा शब्द निवडला, तो आपण बदलायचा?

पायवाट
मधेच विचारते. टिपणात 'रेसिडेन्शियल स्कूल'ला काय लिहिलंय? आश्रमशाळा लिहू नका.

ओंजळ
आश्रमशाळाच लिहिलंय. वाचणाऱ्याला चटकन कळावं म्हणून.

पायवाट
कृपा करून बदला. आपल्याकडे पोर आश्रमशाळेत आईबाप घालतात, दिवाळी-उन्हाळ्याला न्यायला येतात. कॅनडात मूल दिलं नाही तर आईबापांवर कारवाई व्हायची. दोन्ही एक नव्हेत.

पण सहा वर्षं जव्हारकडे आश्रमशाळेत शिकवलंय, म्हणून हेही सांगते. पहिलीतली एक वारली मुलगी तीन आठवडे तोंड उघडत नव्हती. एकदा पावसाबद्दल काहीतरी तिच्या बोलीत म्हणाली, वर्ग हसला आणि मी "असं नाही, नीट बोल" म्हणाले. ती पुन्हा गप्प झाली ती दिवाळीपर्यंत. मारलं नव्हतं, पण 'नीट' हा शब्द माझा होता. अजून आठवला की पोटात कालवतं.

माजघर
मग 'निवासी शाळा' तरी कसं चालेल? आपल्याकडच्या महागड्या बोर्डिंगांनाही निवासी शाळाच म्हणतात.

शब्दवेडा
'सक्तीची वसतिशाळा'?

टाकसाळ
वसतिशाळा म्हटलं की आपल्याकडे वाडी-वस्तीवरची 'वस्तीशाळा' आठवते ना? नवा अर्थ लादू नका. आणि 'मूळ रहिवासी' कशाला, आदिवासी म्हणा की.

पायवाट
आदिवासी म्हणायला माझी हरकत नाही, 'वनवासी'ला आहे. पण क्री, डेने, इन्युइट अशी त्यांची स्वतःची नावं असताना आधी ती लिहा.

करवंद
आणि 'सर्व्हायव्हर'चं काय करताय? 'पीडित' लिहिलं तर ते अजून तिथेच अडकलेत असं वाटतं. 'वाचलेले' म्हणजे अपघातातून वाचलेले.

माजघर
'तगलेले'. आमच्याकडे दुष्काळात राहिलेल्या झाडाला म्हणतात, तगलं.

टाकसाळ
माणसांना झाडाचा शब्द?

माजघर
दुष्काळातली माणसंही तगतातच की. आजी स्वतःबद्दल हेच म्हणायची.

ओंजळ
'तगलेले' घेतला. आश्रमशाळा खोडली, तिथे सध्या 'मुलं घरातून तोडून नेलेल्या शाळा' असं लांबलचक वाक्य आहे. मथळ्यात 'सत्य आणि' एवढंच लिहून पुढची जागा मोकळी आहे. गुरुवार सकाळपर्यंत वेळ आहे, कोणी जागं असेल तर लिहा.