राउटरला लेझर जोडला, पण प्रत्येक कोपरा जळतोय

प्रश्न

माझं ३०१८ जातीचं छोटं राउटर (संगणकावरून चालणारं कोरीव कामाचं मशीन) आहे, जीआरबीएल १.१ या नियंत्रक सॉफ्टवेअरवर चालतं. दोन वर्षं त्यावर लाकडात अक्षरं कोरतोय. मुलीला जिगसॉ कोडी करून द्यायची म्हणून निळ्या डायोडचा लेझर घेतला. स्पिंडल (कापणारं बिट फिरवणारी मोटर) काढून त्याच क्लॅम्पमध्ये बसवला. ३ मिमी प्लायवूडवर सरळ रेष छान येते, पण कोडं म्हणजे नुसती वळणं! प्रत्येक वळणावर काळा डाग पडतो आणि काही ठिकाणी मशीन क्षणभर अडखळतं. पॉवर कमी केली तर आरपार जात नाही. खोक्यावर ४० वॅट लिहिलंय, मग एवढं का झगडावं लागतंय?

उत्तर १

आधी वॅटचं. खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा मॉड्यूल किती वीज खातं त्याचा असतो. प्रत्यक्ष प्रकाश त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी निघतो. म्हणून पॉवरच्या मागे न लागता त्याच रेषेवरच्या फेऱ्या वाढवा आणि नोझलमधून हवा मारा. मी माशांच्या टाकीचा पंप लावलाय. धूर बाजूला सरला की किरण लाकडापर्यंत नीट पोचतो, लेन्सही काळी पडत नाही.

सिग्नलची वायर कुठून घेतली तेही तपासा. स्पिंडलच्या टर्मिनलवर मोटरचा व्होल्टेज असतो. लेझरच्या पीडब्ल्यूएम पिनला (पॉवर कमी-जास्त करणारा सिग्नल घेणाऱ्या) मात्र साधारण ५ व्होल्टच चालतो.

उत्तर २

अडखळण्याचं कारण $३२ मध्ये, म्हणजे जीआरबीएलच्या लेझर मोडच्या सेटिंगमध्ये असणार. तो ० असेल तर पॉवरचा आकडा बदलला की मशीन थांबतं. राउटरचं बिट थांबून नुसतं फिरत राहिलं तर फारसं बिघडत नाही, पण लेझर जिथे थांबला तिथे जाळतो. तो १ करा. शिवाय लेझर चालू करायला एम३ ऐवजी एम४ ही आज्ञा वापरा. वळणावर मशीनचा वेग उतरतो, एम३ मध्ये पॉवर मात्र तेवढीच राहते. एम४ वेगाच्या प्रमाणात पॉवरही उतरवतो. सॉफ्टवेअरमधला कमाल एस (पॉवरचा आकडा) आणि जीआरबीएलमधली त्याची कमाल मर्यादा $३० सारखे ठेवा.

स्पिंडल परत लावताना $३२ आठवणीने ० करा, हे कळकळीने सांगतोय. लेझर मोडमध्ये जी० ला (न कापता झटपट सरकण्याच्या आज्ञेला) आउटपुट बंद होतं, म्हणजे बिट पूर्ण वेग घेण्याआधीच लाकडात घुसतं. माझं एक चांगलं बिट असंच मोडलं.

प्रश्नकर्ता

$३२ खरंच ० होता. एम४ लावून १२ तुकड्यांचं कोडं कापलं, कोपरे जवळजवळ स्वच्छ आले. लेकीने लगेच ताब्यात घेतलं. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. आता तिला पारदर्शक ॲक्रिलिकचं हवंय. जमेल?

उत्तर १

नाही. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्यातून तसाच पार जातो. काळं ॲक्रिलिक कापता येईल. पीव्हीसीला मात्र कधीही लेझर लावू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. फुप्फुसांना घातक, आणि मशीनही गंजतं.

लेक जवळ उभी राहून बघत असेल तर आधी मशीनवर बंद पेटी करा. तुमचा बेड ॲल्युमिनियमचा आहे, आरपार गेलेला किरण त्यावरून उसळतो. तुमच्या स्वतःच्या डोळ्यांवर ४५० नॅनोमीटरसाठी नेमका रेटिंग दिलेला चष्मा हवा. मॉड्यूलसोबत येणाऱ्या साध्या हिरव्या चष्म्यावर विसंबू नका. आणि बेडच्या खाचांत राउटरचा भुसा साचलेला असणार, तो कापण्याआधी व्हॅक्यूमने काढा. माझ्याकडे तोच पेटला होता. मी समोर होतो म्हणून लगेच विझवता आला.